शीख निवासी कॅम्पला मूल पहिल्यांदा पाठवताना: केस, कागदपत्रं, बॅग आणि हमखास होणाऱ्या चुका

अमेरिका आणि कॅनडात उन्हाळ्याच्या सुट्टीत जागोजागी गुरमत कॅम्प, म्हणजे शीख धर्माची शिकवण देणारे निवासी कॅम्प, भरतात. बहुतेक वेळा तळ्याकाठचं किंवा जंगलातलं एखादं कॅम्पग्राउंड तेवढ्या दिवसांपुरतं भाड्यानं घेतात. तिथल्या मोठ्या खोलीत गुरू ग्रंथ साहिबांचा प्रकाश केला, म्हणजे ग्रंथ विधिपूर्वक उघडून ठेवला, की तो झाला दिवाण हॉल, म्हणजे पाठ-कीर्तनाची जागा. मुलं लाकडी केबिनमध्ये दुमजली पलंगांवर झोपतात, लंगर पालक आणि सेवादार मिळून रांधतात. काही कॅम्प तीन रात्रींचे, काही आठवडाभराचे. वय साधारण ७-८ पासून १७-१८ पर्यंत.

नांदेड, हैदराबाद, पुण्याहून तिकडे गेलेली दखनी शीख घरं, मराठी-पंजाबी घरं आणि शीख मित्राबरोबर जायचंय म्हणून हट्ट धरून बसलेली मराठी मुलं, अशा सगळ्यांच्या पालकांसाठी हे लिहिलं आहे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याला पाठ येत नाही, पंजाबी येत नाही, कसं होणार?" त्याची काळजी सोडा. कॅम्पमध्ये बोलणं बरंचसं इंग्रजीतच चालतं, आणि पाठ, म्हणजे गुरूंच्या वाणीचं पठण, शिकवायलाच तर कॅम्प आहे. मूल अडतं ते वेगळ्या ठिकाणी. स्वतःचे केस धुता येत नाहीत, पटका (डोक्यावर बांधायचं कापड) बांधता येत नाही, कच्छेऱ्याच्या (शिखांच्या नाड्याच्या चड्डीच्या) नाड्याला निरगाठ बसते, पहाटे उठवत नाही. तयारीचा वेळ त्यावर घाला.

१. कॅम्प निवडताना हे विचारा

मुलांच्या सुरक्षिततेचे प्रश्न आधी, आणि तेही संकोच न करता. सगळ्या सेवादारांची पार्श्वभूमी तपासली जाते का? रात्री प्रत्येक केबिनमध्ये मोठं माणूस कोण असतं? एकटं मूल आणि एकटा सेवादार बंद खोलीत असू नये, असा नियम लेखी आहे का? निवासी कॅम्पसाठी अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं प्रमाण असं आहे: ६ ते ८ वर्षांच्या ६ मुलांमागे एक मोठा, ९ ते १४ च्या ८ मुलांमागे एक, १५ ते १८ च्या १० मुलांमागे एक. कॅम्प गुरुघराचा आहे म्हणून हे विचारणं उद्धटपणाचं ठरत नाही. चांगले आयोजक उत्तर तयार ठेवतात, आणि टोलवाटोलवी झाली तर तो कॅम्प सोडून द्या.

त्यानंतर हे विचारा: चोवीस तास नर्स किंवा डॉक्टर आहे का, जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, पोहण्याच्या वेळी प्रशिक्षित जीवरक्षक असतो का, दिवाण हॉलच्या दारावर रात्री कोणी असतं का. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीक गुरुद्वाऱ्यात गोळीबार झाला, तेव्हापासून शीख कार्यक्रमांत सुरक्षेचा विचार फार गांभीर्यानं होतो. कॅम्पची काय योजना आहे ते तुम्हाला माहीत हवं.

मुलाचे केस कापलेले असतील किंवा घर शीख नसेल, तर तेही आधीच सांगा. बरेच कॅम्प अशा मुलांना आनंदानं घेतात. अट एवढीच की डोकं झाकायचं आणि दिवाणात सगळ्यांबरोबर बसायचं. मात्र "तिथे गेला की केस ठेवायला लागेल" असा हिशेब मनात धरून मुलाला पाठवू नका. मुलाला ते पहिल्याच दिवशी कळतं आणि उरलेला आठवडा तो रुसून बसतो.

२. नावनोंदणी आणि कागदपत्रं

मुलगे आणि मुली यांच्या केबिन वेगळ्या, म्हणून जागाही वेगळ्या मोजतात. मुलग्यांच्या जागा शिल्लक असताना मुलींची प्रतीक्षायादी लागलेली असू शकते. दोन्ही भावंडांचे अर्ज एकाच दिवशी भरा. फी जड जात असेल तर सवलतीबद्दल विचारा. संगतीतून मुलांचा खर्च उचलण्याची पद्धत जुनी आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

साधारणपणे लागणारी कागदपत्रं:

- डॉक्टरांनी सही केलेला तपासणीचा फॉर्म. सुट्टीच्या तोंडावर डॉक्टरांची वेळ मिळत नाही, ती मे महिन्यातच घ्या.
- लसीकरणाची नोंद. भारतात टोचलेल्या लसींचं पुस्तक असेल तर तिथल्या डॉक्टरांकडून त्यांच्या नमुन्यात उतरवून घ्या.
- आरोग्यविमा कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत.
- औषध देण्याचं संमतिपत्र. औषध मूळ डबीत, मुलाच्या नावाच्या लेबलसकट. पुड्या बांधून दिलेल्या गोळ्या नर्स घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.
- मुलाला घ्यायला कोण येईल त्यांची नावं. मामा-काका येणार असतील तर ते नाव आधी लिहिलेलं हवं, नाहीतर फाटकावर अडवतात.
- सीमा ओलांडून जायचं असेल तर पासपोर्ट आणि दोन्ही पालकांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र. भारतीय पासपोर्ट असून ग्रीन कार्ड नसेल तर अमेरिकेतून कॅनडाला जायला वेगळा व्हिसा लागतो. तो आठवड्याभरात हाती पडेल असं धरून चालू नका.

अर्जात ॲलर्जीचा रकाना असतो. तिथे गहू आणि दूध यांचा विशेष विचार करा. कडाह प्रसादात कणीक, साखर आणि तूप सम प्रमाणात असतं आणि तो रोज वाटला जातो. ग्लुटेन न चालणाऱ्या मुलाचे पालक लंगराचं सगळं लिहितात आणि प्रसाद विसरतात. आयोजकांशी आधी बोला. प्रसाद वाटणारा समोर आला की हात जोडून मान लववायची आणि "गव्हाची ॲलर्जी आहे, जी" एवढं म्हणायचं, हे मुलाला शिकवून ठेवा.

३. सहा आठवडे आधी: केस

लांब केसांच्या मुलाचा कॅम्प केसांवर ठरतो. सहा आठवडे आधी आईनं, आजीनं हात काढून घ्यायचा. शेजारी उभं राहून सांगा, पण हात लावू नका. गुंता टोकाकडून सोडवत वर यायचं, मुळाकडून खाली ओढायचं नाही. कंगा (फणी) सकाळ-संध्याकाळ फिरवायचा. मुलग्यांनी जुडा (अंबाडा) डोक्याच्या मध्यावर, थोडा पुढे बांधायचा. मागे गेला तर पटका घसरतो आणि पळताना सुटतो.

धुणं कधी, हे ठरवून द्या. कॅम्पवर पहाटे डझनभर मुलांमागे दोन-तीन न्हाणीघरं असतात, तेव्हा केस धुणं जमत नाही. लांब केस वाळायला दोन-तीन तास लागतात. ओला जुडा पटक्याखाली गेला की संध्याकाळपर्यंत वास येतो, टाळू खाजते, आणि चौथ्या दिवशी मूल नर्सकडे. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी घरी न्हाऊ घाला, आणि कॅम्पवर दुपारच्या विश्रांतीच्या वेळात एकदा, फार तर दोनदा. ओले केस मोकळे सोडून, वर पातळ सुती कापड सैल गुंडाळून वाळू द्यायचे.

पोहण्याच्या दिवशी पाण्यात उतरण्याआधी केस साध्या पाण्यानं भिजवून घ्यायचे. आधीच भिजलेले केस क्लोरिनचं पाणी कमी शोषतात. वर पोहण्याची टोपी किंवा छोटा पटका. बाहेर आल्यावर पुन्हा साधं पाणी.

खोबरेल देणार असाल तर लक्षात ठेवा, साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं आणि डोंगरातल्या रात्री त्याहून बऱ्याच गार असतात. मूल बाटली पिळत बसतं, झाकण उघडं राहतं आणि दुपारी पातळ झालेलं तेल बॅगभर होतं. बदामाचं किंवा मोहरीचं तेल छोट्या बाटलीत, ती बाटली पिशवीत.

४. पटका आणि दस्तार

लहान मुलांना पटका पुरतो. चौकोनी कापड, चार कोपऱ्यांना बंद. आरशाशिवाय बांधता आला पाहिजे, कारण केबिनमध्ये एक आरसा आणि त्यापुढे रांग. पुढचे बंद मागे नेऊन गाठ, मागचं कापड पिळून जुड्याभोवती, मग शेवटची गाठ. दहा मिनिटांत होत असेल तर चाललं.

दस्तार, म्हणजे पगडी, बांधायला बहुतेक मुलं कॅम्पवरच शिकतात, त्याचे वर्ग असतात, शेवटी स्पर्धाही असते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला तीन ते साडेतीन मीटर फुल व्हॉइल (पगडीचं पातळ सुती कापड) पुरे. वडिलांची पाच-सहा मीटरची पगडी कापून न घेता तशीच दिली की लहान डोक्यावर लडांचा (पगडीच्या पदरांचा) ढीग होतो आणि मुलाला वाटतं आपल्याला जमत नाही. दस्तारीखाली बांधायची छोटी पट्टी म्हणजे फिफ्टी, लड नीट करायला आणि केस आत सारायला बाज (सळई), एवढं सोबत द्या. पूणी, म्हणजे बांधण्याआधी कापडाची लांब घडी, करायला दोन माणसं लागतात: दोघांनी दोन टोकं धरून, ताण देऊन लांबीत घड्या घालायच्या. दुसरं कोणी नसेल तर एक टोक पलंगाच्या खांबाला बांधून एकट्यालाही करता येते. हे घरी दाराच्या कडीला बांधून चार वेळा करून घ्या. पहिल्या खेपेला इस्तरी-खळ नको, किंचित पाणी शिंपडलं की घडी बसते.

पटके बहुधा काळे किंवा निळे असतात, आणि सगळ्यांचे सारखेच. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर न पुसणाऱ्या शाईनं नाव लिहा. हरवलेल्या वस्तूंच्या ढिगात सगळ्यात जास्त पटकेच सापडतात.

५. झोप आणि दिवसाचा क्रम

कॅम्पचा दिवस साधारण असा: साडेपाचच्या सुमाराला उठणं (मोठ्या मुलांना अमृतवेळेला, म्हणजे पहाटे, त्याआधीही), नितनेम (रोजचा पाठ) आणि आसा दी वार (सकाळचं कीर्तन), नाश्ता, मग वर्ग: गुरबाणी, इतिहास, गुरमुखी, कीर्तन, तबला. दुपारी लंगर आणि विश्रांती. त्यानंतर खेळ, पोहणं, गतका (शीख युद्धकला). संध्याकाळी रहरास (सायंप्रार्थना), कीर्तन, लंगर, आणि दहाच्या आसपास सोहिला (निजण्यापूर्वीचा पाठ) म्हणून झोप.

सुट्टीत रात्री बारापर्यंत जागणाऱ्या मुलाला पहिले दोन दिवस हे झेपत नाही. दिवाणात डुलक्या, वर्गात चिडचिड. दहा दिवस आधीपासून झोपेची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणा. मांडी घालून पाऊण तास बसायची सवयही याच दिवसांत करा. घरी टेबल-खुर्चीवर वाढलेल्या मुलांचे पाय खरंच दुखतात.

मराठी वाचणाऱ्या मुलाला गुरमुखी लवकर येते, कारण ग, ट, ठ ओळखीचे वाटतात. पण तिथेच फसायला होतं: गुरमुखीतला 'स' आपल्या 'म'सारखा दिसतो आणि 'ध' आपल्या 'प'सारखा. पैंती अखरी, म्हणजे ३५ अक्षरांचा तक्ता, जाण्याआधी आठवडाभर फ्रिजवर लावला तर हा घोळ घरीच मिटतो.

६. दिवाणात काय करायचं

आत जाताना जोडे बाहेर, हात धुतलेले, डोकं झाकलेलं. माथा टेकून मागे सरकायचं. बसताना गुरू ग्रंथ साहिबांकडे पाय किंवा पाठ नको. अरदास (सामूहिक प्रार्थना) चालू असताना हात जोडून उभं राहायचं, हुकमनामा (ग्रंथ उघडून वाचलेलं पद) बसून ऐकायचा. "बोले सो निहाल" ऐकलं की "सत श्री अकाल" मोठ्यानं. प्रसाद बसून, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. मोठ्या मुलांना, सेवादारांना वीरजी (दादा) आणि भेणजी (ताई) म्हणायचं, भेटल्यावर फतेह बोलवायची: "वाहेगुरू जी का खालसा, वाहेगुरू जी की फतेह." मुलींची नावं हजेरीत 'कौर' लावून पुकारतात. घरी कौर लावत नसाल तर तिला आधी सांगा, नाहीतर ती ओ देत नाही.

नांदेडच्या घरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. नांदेडच्या तख्त हजूर साहिबची मर्यादा, म्हणजे पूजेची रीत, काही बाबतींत वेगळी आहे. तिथे संध्याकाळी दिव्यांनी आरती होते. बहुतेक कॅम्प १९४५ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं मान्य केलेल्या रहत मर्यादेप्रमाणे (शीख आचारसंहितेप्रमाणे) चालतात, तिथे आरती शबद (पद) म्हणून गातात, दिवे नसतात. रहरासचा पाठही कमीजास्त वाटेल. मुलाला एवढंच सांगून पाठवा की दोन्हीकडे श्रद्धा तीच आहे, रीत वेगळी. नाहीतर "आमच्याकडे असं करत नाहीत" यावरून दहा वर्षांची मुलं वाद घालतात आणि एकटी पडतात.

आणि मराठी मुलाला हेही सांगून पाठवा: गुरू ग्रंथ साहिबात भगत नामदेवांचे ६१ शबद आहेत. पंढरपूरचे आपले नामदेव, ज्यांचं स्थान पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान इथे आहे. कीर्तनाच्या वर्गात त्यांचा शबद निघाला की त्या खोलीत आपलंही घर आहे हे मुलाला आपोआप कळतं. पंजप्याऱ्यांपैकी (खालसाची दीक्षा घेणाऱ्या पहिल्या पाचांपैकी) भाई साहिबसिंग बिदरचे, म्हणजे नांदेडहून फार लांबचे नाहीत. गटांना पंजप्यारे किंवा साहिबजादे (गुरू गोबिंदसिंगांचे पुत्र) यांची नावं देण्याची पद्धत आहे, तेव्हा ही माहिती तिथे लगेच उपयोगी पडते.

७. लंगर

पंगत हा शब्द मुलाला माहीतच आहे. पोळीला तिथे परशादा म्हणतात, तो दोन्ही हात पुढे करून घ्यायचा. पानात टाकायचं नाही, म्हणून आधी थोडं घ्यायला शिकवा. जेवण शाकाहारी. अंडं चालतं की नाही हे कॅम्पनुसार बदलतं, म्हणून बॅगेत केक-बिस्किटं कोंबण्यापूर्वी विचारा. सुकवलेल्या मांसाची पाकिटं, जी अमेरिकन दुकानांत सहलीसाठी म्हणून विकतात, ती चुकूनही नकोत. शेकोटीवर भाजायचे मार्शमेलो नेहमीचे असतील तर त्यात जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांपासूनचं. शाकाहारी मिळतात, नेणार असाल तर वेष्टन वाचून घ्या.

राजमा, छोले, कढी, पराठे, खीर आणि उन्हात गोड दुधाचं थंड पेय, म्हणजे छबील, असा तूप-दुधाचा मारा सगळ्या पोटांना सोसत नाही. दूध पचत नसेल तर ते अर्जात लिहा. पाण्याची बाटली एक लिटरची हवी. पटका किंवा दस्तार बांधून उन्हात खेळणारं मूल दुपारी डोकं दुखतं म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असतं.

८. बॅग (सात दिवसांची)

पटके ६, दस्तार असेल तर २, फिफ्टी ३, मुलींना चुन्न्या (ओढण्या) ४ किंवा केसकी (छोटी पगडी). कंगे २, कारण एक हरवतोच. कच्छेरे ८, नाडे ओवून तपासलेले. सुरगाठ अंधारातही मारता आली पाहिजे. कुर्ता-पायजमा ३ जोड, खेळाचे पूर्ण लांबीचे पायजमे ४, मोजे ८. अंगाला मोठे टॉवेल २ आणि केसांना पातळ सुती एक. झोपण्याची पिशवी, एका पलंगाची चादर, एक स्वेटर, विजेरी, न्हाणीघरातल्या चपला.

जोडे दोन: गतक्यासाठी बंद खेळाचे, आणि दिवाणासाठी लेसशिवायचे. दिवसातून आठ-दहा वेळा काढ-घाल असते. लेस बांधणारं मूल प्रत्येक ठिकाणी शेवटी पोहोचतं. गतक्याची सोटी (काठी) आणि फरी (ढाल) तिथे मिळतात, घरून शस्त्र काही देऊ नका.

गुटका साहिब (रोजच्या पाठाची पोथी) स्वच्छ कापडात गुंडाळून, वेगळ्या छोट्या पिशवीत, हातातल्या सामानात सगळ्यात वर. मोठ्या बॅगेत कपड्यांखाली टाकला की तो जोड्यांच्या शेजारी जातो, आणि मुलाला तिथे पोहोचल्यावर सगळ्यांसमोर अपराधी वाटतं. केबिनमध्ये तो उंच जागी ठेवायचा.

फोन बहुतेक कॅम्प काढून घेतात. घड्याळ द्या.

९. विमानानं जाताय तर

कृपाण धारण करणाऱ्या मुलांसाठी नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि गोंधळ इथेच होतो. भारतात देशांतर्गत विमानात ६ इंचांपर्यंत पात्याची आणि एकूण ९ इंचांपर्यंतची कृपाण शिखांना सोबत ठेवता येते. कॅनडात नोव्हेंबर २०१७ पासून ६ सेंटीमीटरपर्यंतचं पातं चालतं, पण अमेरिकेला जाणाऱ्या विमानात नाही. अमेरिकेत ती केबिनमध्ये नेता येत नाही, तपासणीच्या सामानातच द्यावी लागते. कॅनडातल्या कॅनडात चालली म्हणून अमेरिकेच्या विमानातही चालेल असं समजू नका. दस्तारीची तपासणी झाली तर ती बंद खोलीत करा असं मागता येतं. किशोरवयीन मुलाला हे वाक्य पाठ असू द्या.

१०. कॅम्प चालू असताना

घरची आठवण बहुधा पहिल्या दोन रात्री, सोहिला झाल्यावर, दिवे मालवले की येते. निघताना "नाही आवडलं तर मी लगेच न्यायला येईन" असं वचन देऊ नका. मग मूल रमण्याऐवजी तुमची वाट पाहत बसतं. "आठवण येईल, तेव्हा वीरजींना सांग" एवढं पुरे. अंथरूण ओलं होत असेल तर सेवादाराला खासगीत आधी सांगा. ते यातून शंभरदा गेलेले असतात आणि सकाळी गाजावाजा न करता चादर बदलतात.

लंगराच्या सेवेला पालकांची पाळी असेल तर जा, पण त्या दिवशी स्वतःच्या मुलाला कुशीत ओढू नका. लहान मुलं तेव्हाच रडायला लागतात, आणि शेजारची चार त्यांच्याबरोबर.

११. परत आणताना

शेवटच्या दिवशी मुलं कीर्तन, गतका सादर करतात. वेळेआधी पोहोचा, डोकं झाकायला रुमाल घेऊन. निघण्यापूर्वी हरवलेल्या वस्तूंचा ढीग स्वतः बघा आणि नर्सकडून उरलेली औषधं परत घ्या.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी जुडा सोडून केस मोकळे करा. ईशान्य अमेरिकेत आणि पंचसरोवरांच्या भागात गोचिडीमुळे लाइम रोग होतो, आणि गोचीड नेमकी कानामागे, मानेवर, पटक्याच्या कडेखाली लपते. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल किंवा काडी लावत बसू नका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर ती डॉक्टरांना सांगावी लागते. त्याच बैठकीत उवाही बघून घ्या. पटके गरम पाण्यात धुवा, झोपण्याची पिशवी उलटी करून उन्हात टाका.